मिनामाताची खाडी : विषारी गाळावर बाग उभी राहिली, पण किती वर्षांनी!



जून-जुलैचे बंदीचे 61 दिवस आले की आपली काठावरची कामं निघतात. होडी वर ओढायची, तळ खरवडायचा, रंग मारायचा, इंजिन उघडायचं. जळकं ऑइल तिथंच सांडतं. खरवडलेला रंग तिथंच मातीत जातो. तळाला शेवाळ आणि शिंपल्यासारखे जीव चिकटू नयेत म्हणून त्या रंगात विष घातलेलं असतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मग पाऊस येतो आणि आपण म्हणतो, "जाईल धुऊन."

धुऊन गेलेलं कुठं जातं, ते जपानमधल्या मिनामाता गावच्या मच्छिमारांनी बघितलं. आपल्या काठाची आणि त्यांच्या खाडीची बरोबरी होत नाही, तिथलं विष फार मोठं होतं. पण त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे, म्हणून ही गोष्ट.

आधी मांजरं, मग माणसं

मिनामातात चिस्सो नावाच्या कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. 1932 पासून 1968 पर्यंत तिथलं पारा मिसळलेलं सांडपाणी समुद्रात सोडलं गेलं. पारा गाळात बसला, गाळातून माशांत आला आणि माशांतून माणसांत.

सुरुवातीला मासळी खाणारी मांजरं वेड्यासारखी गोल फिरून मरू लागली. मग 1956 मध्ये, होड्या बांधणाऱ्या एका सुताराच्या पाच वर्षांच्या मुलीला दवाखान्यात नेलं. तिला चालता येईना, बोलता येईना. तिच्या धाकट्या बहिणीलाही तेच झालं. 1 मे 1956 रोजी कारखान्याच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी या आजाराची सरकारदरबारी नोंद केली. आईनं खाल्लेल्या मासळीतून पोटातल्या बाळापर्यंत हे विष पोचलं. पुढं 2,200 हून जास्त लोकांना सरकारनं अधिकृत रुग्ण मानलं. दाद मागणारे त्याहून कितीतरी जास्त होते.

भाव पडेल म्हणून गप्प

आता आपल्याला जड जाणारी गोष्ट. आजाराची बातमी फुटली तर मासळीला गिऱ्हाईक राहणार नाही, ही भीती मिनामाताच्या मच्छिमारांनाही होती. म्हणून आजारी माणूस घरात लपवला जाई. ज्याच्या घरी आजार, त्याच्याशी शेजारी बोलेनासे झाले. कारखान्यावर पोट असलेले एका बाजूला, समुद्रावर पोट असलेले दुसऱ्या बाजूला, असं गाव फाटलं.

आणि भाव वाचला का? नाही. 1959 मध्ये मिनामाताची मासळी कोणी घेईना. त्याच वर्षाच्या शेवटी आजारी कुटुंबांना थोडी "सहानुभूतीची रक्कम" देऊन सह्या घेतल्या. उद्या दोष कारखान्याचाच निघाला तरी पुन्हा काही मागणार नाही, असं त्या कागदात लिहिलं होतं. हातात पैसा नाही, घरात आजारी माणूस, सही करणार नाही तर काय? शेवटी 1973 मध्ये कोर्टानं तो कागद रद्द ठरवला आणि कंपनीला जबाबदार धरलं. मधली चौदा वर्षं गेली ती गेलीच.

खाडीला जाळं, गाळाला भिंत

सांडपाणी बंद झालं तरी गाळातला पारा तिथंच होता. 1974 मध्ये खाडीच्या तोंडाशी जाळं टाकलं. हे जाळं मासे पकडायला नव्हतं. आतला विषारी मासा बाहेर जाऊ नये म्हणून ते होतं. आतला मासा मच्छिमारांनी पकडायचा, पण बाजारात न नेता पुरायचा. आपण रोज जाळं ओढणारे लोक, पकडलेला मासा मातीत घालताना हाताला काय वाटत असेल ते आपल्यालाच कळेल.

मग गाळ काढायचं काम 1977 मध्ये सुरू झालं. दहा लाख भागांत 25 भागांहून जास्त पारा असलेला गाळ काढायचा, असं ठरलं होतं. पण लोक कोर्टात गेले. गाळ ढवळला तर विष पुन्हा पाण्यात येईल, हे त्यांचं म्हणणं. काम अडीच वर्षं थांबलं. 1980 मध्ये पाण्यावर आणि माशांवर लक्ष ठेवत ते परत सुरू झालं आणि 1990 मध्ये संपलं.

पद्धत अशी होती. खाडीचा सर्वांत घाण भाग लोखंडी भिंतीनं अडवला. बाहेरचा गाळ ओढून त्यात भरला. त्यावर शीट अंथरली आणि वरून चांगल्या मातीचा थर दिला. सुमारे 15 लाख घनमीटर गाळ असा बंद झाला आणि 58 हेक्टर नवी जमीन तयार झाली. खर्च सुमारे 4,850 कोटी येन. त्यातला मोठा वाटा कंपनीच्या माथी बसला.

माशांची तपासणी वर्षानुवर्षं चालू होती. 1997 मध्ये मासे सुरक्षित असल्याचं जाहीर झालं आणि जाळं काढलं. 23 वर्षं खाडी जाळ्याआड होती.

त्या जमिनीचं काय केलं?

आज तिथं बाग आहे, खेळाची मैदानं आहेत, गुलाबांची आणि बांबूची बाग आहे. पाण्याच्या काठाला आजारी कुटुंबांतल्या लोकांनी स्वतःच्या हातांनी कोरलेल्या दगडाच्या छोट्या मूर्ती आहेत. दर 1 मे रोजी मृतांच्या आठवणीसाठी लोक तिथं जमतात.

पण एक विसरू नका. पारा कुठं गेलेला नाही, तो बागेखाली आहे. ती लोखंडी भिंत खाऱ्या पाण्यात कायमची टिकणार नाही, तिच्यावर लक्ष ठेवावंच लागतं. जमीन वापरात आली म्हणजे काम संपलं, असं होत नाही.

1994 च्या त्या कार्यक्रमात गावच्या मेयरनी रुग्णांची माफी मागितली. तेव्हा "मोयाई नाओशी" हा शब्द गावभर झाला. मोयाई म्हणजे होडीला होडी बांधायची दोरी. नाओशी म्हणजे पुन्हा नीट करणं. वादळात सुटलेल्या होड्या परत एकमेकींना बांधायच्या, तसं फाटलेलं गाव परत बांधायचं.

आपण काय करायचं?

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांसाठी वेगळे नियम आणले. जागा दूषित असल्याचा संशय असेल तर लोकांनी पंचायतीकडे किंवा जिल्हा प्रशासनाकडे तक्रार करायची. मग प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासणी करणार. ज्यानं घाण केली त्यानं खर्च द्यायचा. खाणकाम, समुद्रातला तेलाचा तवंग, किरणोत्सर्गी कचरा आणि घनकचऱ्याचे डेपो या नियमांत येत नाहीत, त्यांचे कायदे वेगळे आहेत. म्हणून अर्ज करण्याआधी आपली तक्रार कशात बसते ते विचारून घ्या.

- मातीला वास, रंग किंवा तवंग दिसला तर तारीख घालून फोटो काढा. अर्जाची पोच, इनवर्ड नंबरसकट, जपून ठेवा.
- आपल्या मनानं ती माती उकरू नका, खाजणात किंवा नदीत ढकलू नका, वरून भराव टाकून झाकूही नका.
- तपासणीचा निकाल येईपर्यंत त्या जागेवर मासळी वाळत घालू नका. हे काम घरातल्या बायका करतात, म्हणून बैठकीला त्यांनाही बोलवा.
- भरपाईचा कागद कोणी पुढं केला तर एकट्यानं सही करू नका. आधी संस्थेत आणा.
- आणि आपली बाजू आधी साफ. तळ खरवडताना खाली ताडपत्री घाला, जळकं ऑइल पिंपात जमा करा, जुन्या बॅटऱ्या काठावर टाकू नका. बोट दुसऱ्याकडे दाखवायच्या आधी आपला काठ बघावा लागतो.

बोललं तर चार दिवस भाव पडेल, हे खरं आहे. मिनामाताचे लोक गप्प राहिले, तरी त्यांचा भाव गेला, माणसं गेली आणि खाडी 23 वर्षं जाळ्याआड राहिली. येत्या बैठकीत आपल्या काठाचा विषय पहिला घेऊया.