गॅलरीतल्या कोथिंबिरीचा हिशोब: ‘बचत’ मोजायची कशी?

समजा, तुम्हाला संशोधनाचा पहिला प्रस्ताव लिहायचा आहे आणि विषय सुचलाय: ‘घरी भाजी पिकवल्याने पुण्यातल्या कुटुंबाची किती बचत होते?’ विषय चांगला आहे, घरातला आहे, सगळ्यांना कळतो. अडचण एकच. ‘बचत’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण ती मोजायला बसलं की हातातून निसटते. आणि उत्तर चुकलं तर फक्त तुमचे मार्क जात नाहीत. ते वाचून कुणीतरी महिन्याच्या खर्चातून पैसे काढून कुंड्या, माती आणि कोकोपीट घेऊन येतं.

म्हणून आज हाच प्रश्न घेऊन संशोधनाचा आराखडा कसा घट्ट करायचा ते पाहू.

एक चौरस मीटर, तीन आकडे

साहित्याचा आढावा घेताना पहिला आकडा सापडतो जागतिक अन्न व कृषी संघटनेचा: एका चौरस मीटरमधून वर्षाला २० किलो अन्न मिळू शकतं. दुसरा ऑस्ट्रेलियातला. २०१९ मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १३ छोट्या सेंद्रिय बागा आणि शेतांची वर्षभर नोंद ठेवली होती. सरासरी उत्पादन निघालं चौरस मीटरला ५.९४ किलो. तिसरा कॅनडातल्या ग्वेल्फ शहरातला. २०१५ च्या त्या अभ्यासात ५० घरगुती बागवाल्यांची सरासरी होती १.४३ किलो.

एकक तेच, पण पहिला आकडा तिसऱ्याच्या चौदा पट! मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. पहिला आकडा ‘मिळू शकतं’ असं सांगतो, म्हणजे ती क्षमता आहे. उरलेले दोन ‘मिळालं’ असं सांगतात, म्हणजे ती नोंद आहे. शिवाय हवामान वेगळं, लागवडीचा हंगाम वेगळा, माणसांचा सराव वेगळा. क्षमतेचा आकडा सरासरी म्हणून वापरणं ही आढावा लिहिताना फार सहज होणारी चूक आहे.

आता हे पुण्याच्या फ्लॅटला लावून बघू. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खा म्हणते. चार माणसांना वर्षाला ५८४ किलो लागतील. गॅलरीत लागवडीची जागा धरू ४ चौरस मीटर. तिन्ही आकड्यांनी वर्षाचं उत्पादन येतं अनुक्रमे ८० किलो, साधारण २४ किलो आणि ६ किलोच्या आत. म्हणजे गरजेच्या १४ टक्के, ४ टक्के आणि १ टक्का. प्रस्ताव लिहिण्याआधी असं पाठकोऱ्या कागदावरचं गणित जरूर करा. ‘भाजीचं बिल निम्मं होतं’ हे गृहीतक इथेच गळून पडतं.

दहा गुंठ्यांचं सूत्र गॅलरीत का चालत नाही

महाराष्ट्रात या विषयावर काम करताना श्री. अ. दाभोळकरांना टाळून पुढे जाता येत नाही. कोल्हापूरचे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक लिहिलं. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं, ही त्यांची मांडणी प्रसिद्ध आहे.

दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, साधारण १,०१२ चौरस मीटर. आपली गॅलरी त्याच्या अडीचशेव्या भागाएवढी. पण म्हणून सगळ्याला २५० ने भागून चालणार नाही. दाभोळकरांच्या हिशोबाचा पाया जमिनीचं क्षेत्र नव्हता. पानांवर पडणारं ऊन हा होता. गॅलरीला ऊन मिळतं दिवसातले काही तास, तेही समोरची इमारत परवानगी देईल तेवढं! त्यामुळे तुमच्या अभ्यासात ‘किती चौरस फूट’ या रकान्याशेजारी ‘किती तास थेट ऊन’ हा रकाना हवाच.

किलोंवरून रुपयांकडे

किलो कमी आले तरी रुपये जास्त येऊ शकतात, कारण कांदा-बटाटा आणि पुदिना यांच्या किलोच्या भावात फरक आहे. पण इथे खरा प्रश्न येतो: पिकवलं नसतं तर काय झालं असतं?

कढीपत्ता घ्या. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी भाजीवर कढीपत्त्याची काडी फुकट देत असतील, तर घरच्या झाडाने वाचवलेले पैसे शून्य. झाड कितीही डेरेदार असो! उलट कोथिंबिरीची आख्खी जुडी विकत आणून त्यातली अर्धी फ्रीजमध्ये सडत असेल, तर कुंडीतून चार काड्या खुडल्याने वाचते ती आख्ख्या जुडीची किंमत, चार काड्यांची नव्हे. बचत कुंडीत ठरत नाही, तुमच्या खरेदीच्या सवयीत ठरते.

दुसरी गंमत भावाची. पुण्यात हिवाळ्यात कोथिंबीर छान येते, पण तेव्हा ती बाजारातही स्वस्त असते. एप्रिल-मेमध्ये जुडी महागते, तेव्हा आपल्याही कुंडीत ती नीट उगवत नाही किंवा लगेच फुलावर येते. समजा, डिसेंबरात ६ जुड्या निघाल्या, भाव १० रुपये. मे महिन्यात १ निघाली, भाव ४० रुपये. खरी किंमत झाली १०० रुपये. पण ‘सरासरी भाव २५, जुड्या ७’ असं केलंत तर १७५ येतात. उत्पादन आणि भाव हातात हात घालून बदलतात तेव्हा सरासऱ्यांचा गुणाकार फसवतो. म्हणून भाव त्या दिवसाचा आणि जवळच्या भाजीवाल्याचाच लिहायचा.

खर्चाची बाजू

कुंड्या पाच वर्षं टिकणार असतील तर त्यांचा खर्च पाच वर्षांत वाटा. बी-बियाणं मात्र त्याच वर्षाचं. गांडूळखत प्रकल्पासाठी पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. ती भाजीच्या बचतीत मिसळू नका. ती सवलत खताची आहे, भाजी न लावताही मिळते.

आणि वेळ? रोज १५ मिनिटं म्हणजे वर्षाला ९१ तास. ऑस्ट्रेलियातल्या त्या बागांचं उत्पादन तिथल्या व्यावसायिक भाजी-शेतीच्या जवळपास दुप्पट होतं, पण त्यामागे श्रम आणि साहित्य भरपूर ओतलेलं होतं. आता हा वेळ मजुरी धरायचा की विरंगुळा? माझं मत: दोन्ही प्रकारे हिशोब मांडा आणि दोन्ही उत्तरं छापा. एकच आकडा देऊन निवड लपवू नका.

रिकाम्या कुंड्यांनाही विचारा

नमुना निवडताना सरळ बागप्रेमींच्या ग्रुपवर प्रश्नावली टाकायचा मोह होतो. पण तिथे भेटतात टिकलेले लोक. ज्यांनी खर्च केला, दोन महिने पाणी घातलं आणि सोडून दिलं, ते त्या ग्रुपवर नसतात. त्यांचा तोटा मोजला नाही तर बचत फुगणारच. त्यापेक्षा दोन-तीन सोसायट्या निवडा आणि प्रत्येक दाराची बेल वाजवा.

मग प्रत्येक घराला एक वही द्या. रकाने सहा: तारीख, वजन, त्या दिवसाचा भाव, ‘हे आज विकत आणलं असतं का?’, खर्च, मिनिटं. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा तिन्ही यायला हवेत, म्हणजे वर्ष पूर्ण हवं. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात साधी माणसंच आपापल्या जागेवर प्रयोग करून अनुभव एकमेकांना सांगत होती. आपल्याला त्यात फक्त वजनकाटा आणि चौथा रकाना वाढवायचा आहे.

माझा अंदाज विचाराल तर: गॅलरीतली बाग घराचं भाजीचं बिल फारसं हलवणार नाही. कोथिंबीर, पुदिना, मिरची, गवती चहा अशा थोडं-थोडं लागणाऱ्या गोष्टींत पैसे वाचतील, तेही जुने डबे, सुका पालापाचोळा आणि ओला कचरा वापरून सुरुवातीचा खर्च जवळपास शून्यावर ठेवला तर. पण हा अंदाज आहे, निष्कर्ष नव्हे. तुमच्या वह्यांनी तो खोटा ठरवला तर मला आनंदच होईल.