मयताची वेळ

धाराशिव जिल्ह्यातल्या भूमसारख्या तालुक्यात विहिरीत एखादं प्रेत सापडलं की पहिला कागद पोलीस ठाण्यात होतो. अकस्मात मृत्यूची नोंद, पोलिसांच्या बोलण्यात ‘एडी’. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. पंचांसमक्ष पंचनामा झाला की प्रेत ‘पीएम’साठी, म्हणजे शवविच्छेदनासाठी, सरकारी दवाखान्यात येतं. तालुक्याला न्यायवैद्यकशास्त्राचा तज्ज्ञ सहसा नसतो. सकाळी ओपीडी उरकलेला एमबीबीएस वैद्यकीय अधिकारीच हातमोजे चढवतो. त्याला दोन गोष्टी लिहायच्या असतात: मृत्यू कशाने झाला आणि केव्हा झाला.

यातलं ‘केव्हा’ जास्त अवघड. वेळ काढण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे प्रेत किती गार झालं ते पाहणं. जर्मनीच्या क्लाउस हेन्सगे यांनी त्यासाठी आलेख बसवले. शरीराचं आणि भोवतालचं तापमान, मयताचं वजन एवढं मांडलं की अंदाजे तास निघतात. भोवताल २३ अंशांपर्यंत असेल तर एक आलेख, त्याहून जास्त असेल तर दुसरा. पण भूम बालाघाटाच्या पठारावर आहे आणि मे महिन्यात इथला पारा चाळिशी गाठतो. जिवंत माणसाचं शरीर ३७ अंशांचं, बाहेरची हवा त्याहून तापलेली. अशा हवेत बांधावर पडलेलं प्रेत गार होणार कसं? इथे आलेख बाजूला ठेवावा लागतो.

मग डॉक्टर शरीर वाचतो. रक्त खालच्या अंगाला उतरून जांभळट डाग पडतात. त्यावर अंगठा दाबायचा. दाबलेली जागा पांढरी पडली, तर रक्त अजून हलतं आहे. रंग तसाच राहिला, तर डाग बसले आहेत. त्याला साधारण सहा ते बारा तास लागतात. प्रेत उताणं सापडलं आणि बसलेले डाग पोटाकडून असले, तर कुणीतरी ते नंतर पालथं-उताणं केलं आहे. अंग ताठरणं उन्हाळ्यात लवकर सुरू होतं आणि लवकर सुटतं. उजव्या ओटीपोटावर हिरवट छटा उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत दिसते, थंडीत एक-दोन दिवस घेते. विहिरीच्या गार पाण्यात हाच क्रम रेंगाळतो. म्हणून जाणता डॉक्टर एक वेळ लिहीत नाही; ‘इतक्या ते इतक्या तासांपूर्वी’ असं लिहितो.

त्यातही रात्र आडवी येते. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सोयी असलेल्या रुग्णालयांना सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाची मुभा दिली. पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेली आणि संशयास्पद प्रेतं त्यातून वगळली. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद. म्हणजे जिथे वेळ सर्वांत मोलाची, तिथेच सकाळपर्यंत थांबायचं. तोवर डाग बसतात आणि ताठरपणा पुढे सरकतो. संध्याकाळी प्रेत आलं तेव्हाच डाग, ताठरपणा, तापमान आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवली नाही, तर सकाळी ती माहिती कुणालाच परत मिळत नाही.

‘कशाने’ या प्रश्नाला प्रयोगशाळेची मदत होते, पण तिलाही पाठवलेल्या मालावरच काम करावं लागतं. फवारणीचं औषध प्यायल्याचा संशय असेल तर जठर, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे भाग बरण्यांत जातात. टिकावेत म्हणून साध्या मिठाचं पाणी, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेलं. त्याच पाण्याचा वेगळा नमुनाही पाठवायचा, म्हणजे विष त्यातून आलं नाही हे कळतं. झाकणावर लाखेचं सील आणि सोबत त्याच सीलचा नमुना. हा ‘व्हिसेरा’ न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोचतो. राज्यात मुंबईखेरीज नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे त्या आहेत. बुडालेल्याच्या अस्थिमज्जेत डायटम, म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, सापडलं तर माणूस पाण्यात पडताना जिवंत असावा याला बळ मिळतं. न सापडल्याने मात्र बुडणं खोटं ठरत नाही. आणि त्याच विहिरीचं पाणी कुणी बाटलीत भरून घेतलं नसेल, तर सापडलेलं डायटम ताडून पाहणार कशाशी?

प्रयोगशाळेचं उत्तर येईपर्यंत डॉक्टरच्या अहवालात ‘मृत्यूचं कारण राखून ठेवलं’ एवढंच असतं, आणि घरचे ‘सीए रिपोर्ट’साठी, म्हणजे रासायनिक विश्लेषणाच्या अहवालासाठी, ठाण्यात हेलपाटे घालतात. त्या एका ओळीवर पुष्कळ काही अडलेलं असतं. सर्पदंशाने किंवा विहिरीत पडून मृत्यू झाला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख मिळू शकतात. आत्महत्या त्या योजनेत बसत नाही. तिथे एक लाखाची वेगळी मदत, तीही जिल्हा समितीने पात्र ठरवलं तर. मण्यार चावल्याची खूण कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाही. अशा वेळी घाईने लिहिलेलं कारण विधवेला पुढे वर्षानुवर्षं खोडून काढावं लागतं.

या विषयातलं संशोधन म्हटलं की मोठी यंत्रं आणि मोठी शहरं आठवतात. भूमला आधी हवा आहे तो शवागारातला एक साधा थर्मामीटर, विहिरीच्या पाण्याची बाटली आणि प्रत्येक प्रेतामागे वेळेसह भरलेला एक तक्ता. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्यांच्या मरणाची वेळ इतर पुराव्यांवरून पक्की ठाऊक आहे, अशांचे तक्ते तालुक्यांतून तिथे जमले, तर चाळीस अंशांत शरीर कसं बदलतं याचा इथलाच हिशेब मांडता येईल. मग कोर्टात उभ्या राहणाऱ्या डॉक्टरला थंड देशातले आकडे उसने घ्यावे लागणार नाहीत.