दुसरा आला, पण कुणाच्या पाठोपाठ?
मतं, माणसं, माध्यमं : लेखांक ६

जानेवारी २००८ च्या पहिल्या रविवारी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये फॉक्स न्यूजने राष्ट्राध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांची चर्चा भरवली. तीनच दिवसांपूर्वी आयोवातल्या पक्षांतर्गत मतदानात रूडी जुलियानी यांना जेमतेम साडेतीन टक्के मतं पडली होती, रॉन पॉल यांना दहा. बोलावणं गेलं जुलियानींना. पॉलना वगळल्याचं खुद्द तिथल्या रिपब्लिकन पक्षाला इतकं खटकलं, की त्याने कार्यक्रमातून अंग काढून घेतलं.

गेल्या आठवड्यात आपण जनमत चाचण्या कशा घेतात ते पाहिलं. आज त्या चाचण्यांत न मावणारी गोष्ट घेऊ : कार्यकर्त्यांचा उत्साह.

पॉल तेव्हा टेक्ससचे खासदार, पेशाने प्रसूतितज्ज्ञ, वय बहात्तर. इराकमधून सैन्य परत आणा आणि फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक बंद करा, या त्यांच्या दोन मागण्या. पहिली त्यांच्याच पक्षाला झोंबणारी, दुसरी बहुतेकांच्या डोक्यावरून जाणारी. तरीही ५ नोव्हेंबर २००७ या एका दिवसात इंटरनेटवरून त्यांच्यासाठी सुमारे ४२ लाख डॉलर जमले आणि १६ डिसेंबरला, बॉस्टन टी पार्टीच्या स्मरणदिनी, सुमारे ६० लाख. हे दिवस प्रचार कार्यालयाने ठरवलेच नव्हते. समर्थकांनी परस्पर ठरवले, एकमेकांना कळवले आणि पैसे भरले. आपल्याकडे कार्यकर्ता वरून आदेश येण्याची वाट बघतो. इथे उमेदवारालाच खालून आलेला आकडा बघून थक्क व्हायची वेळ आली.

पण खरी गंमत पुढच्या निवडणुकीच्या वेळची, १३ ऑगस्ट २०११ ची. पॉल पुन्हा रिंगणात होते. आयोवातल्या एम्स गावी स्ट्रॉ पोल झाला. हे अधिकृत मतदान नव्हे. पक्षाच्या तिजोरीत भर घालणारी जत्राच. तीस डॉलरचं तिकीट, आणि तेही बऱ्याचदा उमेदवारच काढून देणार. मिशेल बाकमन यांना ४,८२३ मतं, पॉलना ४,६७१. फरक १५२ मतांचा. तिसरे टिम पॉलेंटी पॉलच्या निम्म्यावरच राहिले आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडले. वाहिन्यांवर मात्र चर्चा कुणाची? बाकमन, एम्समध्ये जोरच न लावलेले, पण शेवटी उमेदवारी मिळवणारे मिट रॉम्नी आणि त्याच दिवशी दुसऱ्या राज्यात उमेदवारी जाहीर करणारे रिक पेरी. जॉन स्ट्युअर्ट यांनी आपल्या विनोदी कार्यक्रमात पॉलना गाळल्याचे तुकडे एकापाठोपाठ दाखवले, तेव्हा कुठे या गाळण्याचीच बातमी झाली.

संपादकांकडे उत्तर होतं : स्ट्रॉ पोल म्हणजे बसगाड्या भरून आणलेली माणसं, त्याचं काय घेऊन बसलात? ठीक. पण मग बाकमन यांच्या विजयाची बातमी तरी कशाला? मोजपट्टी खोटी असेल तर ती दोघांनाही खोटी.

समर्थकांचंही सगळं बरोबर होतं असं नाही. वाहिन्यांनी दाखवलं असतं तर पॉल जिंकलेच असते, हे मला पटत नाही. एका माणसाने दहा फलक लावले, चारदा देणगी दिली, तरी मतपेटीत त्याचं मत एकच. उत्साहाला खोली असते, प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला, रुंदी लागते. शिवाय दुर्लक्षाचा एक फायदाही पॉलना झाला, आणि तो त्यांचे चाहते कधी मोजत नाहीत. १९८० आणि ९० च्या दशकांत त्यांच्या नावाने निघालेल्या वार्तापत्रांत उघड वर्णद्वेषी मजकूर होता. जानेवारी २००८ मध्ये ‘द न्यू रिपब्लिक’ने तो छापला. आपण तो लिहिला नाही, असं पॉलनी सांगितलं आणि विषय मागे पडला. डिसेंबर २०११ मध्ये आयोवाच्या चाचण्यांत ते वर सरकू लागले, तेव्हा कुठे तो पुन्हा जोरात उकरला गेला. जिंकणार नाही असं ठरवलेल्या माणसाची कोणी झडती घेत नाही.

मग उत्साह खपला कुठे? कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या स्थानिक सभांमध्ये. ३ जानेवारी २०१२ च्या रात्री आयोवात पॉल एकवीस टक्क्यांवर तिसरे आले आणि कॅमेरे पुढच्या राज्याकडे वळले. पण त्या रात्रीची मतं प्रतिनिधींवर बंधनकारक नव्हती. मतं देऊन बहुतेक माणसं घरी जातात. मागे उरतात ती काउंटीच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडतात. तिथून जिल्हा, मग राज्य. कंटाळवाणं, महिनोन्‌महिने चालणारं काम. पॉलची माणसं बसून राहिली. ऑगस्टअखेर टँपाच्या राष्ट्रीय अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ प्रतिनिधींनी मत दिलं ते पॉलना, तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला!

माध्यमांना दिसलं नव्हतं ते पक्षाच्या धुरीणांना नेमकं दिसलं. मेन राज्यातल्या पॉलच्या काही प्रतिनिधींची जागाच काढून घेतली गेली. राज्यं आपापले आकडे पुकारत असताना व्यासपीठावरून फक्त रॉम्नींची मतं परत उच्चारली जात होती. आणि नियम ४० बदलला : उमेदवाराचं नाव सुचवायला पूर्वी पाच राज्यांचा आधार पुरे होता, नव्या नियमाने आठ राज्यांच्या प्रतिनिधींत बहुमत लागणार होतं.

२०१६ मध्ये ट्रम्पना अधिवेशनात रोखू पाहणाऱ्यांच्या वाटेत हाच नियम आडवा आला, आणि तेव्हा मात्र त्यावर भरपूर चर्चा झाली. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.