टॅली येते, पण ताळेबंद?

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात हिशेबनीस शोधणारा मालक उमेदवाराला पहिला प्रश्न विचारतो तो एकच: "टॅली येता?" त्याला अभिप्रेत असते ते हिशेबाच्या या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर टाकणे. पेमेंटला एफ फाइव्ह, जर्नलला एफ सेव्हन, विक्रीला एफ एट. एवढे थोड्या सरावाने कोणालाही जमते. मार्च उलटतो, लेखापरीक्षक येतो, एका आकड्यावर बोट ठेवून "हा कुठून आला?" विचारतो आणि टॅली येणारा माणूस मालकाकडे बघू लागतो. मग हिशेब विभागाला कचेरीत येऊन कोणीतरी शिकवावे अशी चर्चा सुरू होते आणि तिच्याबरोबर या शिकवण्याविषयीचे गैरसमजही बाहेर पडतात. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत ते ऐकू येतात, मोरजी-मांद्रे-हरमलच्या हॉटेलांत येतात आणि गावच्या सोसायटीतही.

सर्वांत चिवट समज असा की कळ दाबली की ताळेबंद तयार. पडद्यावर ताळेबंद दिसतो हे खरेच आहे, पण तो दिसतो कशाच्या जोरावर? टॅलीत आधीपासून 28 गट दिलेले असतात, 15 मुख्य आणि 13 उपगट. प्रत्येक खाते उघडताना ते कोणत्या गटाखाली ठेवायचे हे माणूसच सांगतो. तिथे चूक झाली की पुढचे सगळे बिनचूक चुकते.

एक उदाहरण घेऊ. कारखान्याने वीज खात्याकडे 2,00,000 रुपये अनामत भरली. ती परत मिळणारी रक्कम आहे, म्हणजे मालमत्ता. पावतीवर वीज खात्याचे नाव पाहून हिशेबनिसाने ती वीजखर्चात टाकली. नफा 2 लाखांनी घटला, मालमत्ताही 2 लाखांनी घटली. तेरीज (ट्रायल बॅलन्स) मात्र जुळते, कारण नावे बाजूची रक्कम नावे बाजूलाच राहिली. "तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर" हा दुसरा गैरसमज इथेच निकालात निघतो. तेरीज जुळणे म्हणजे दोन बाजू सारख्या आहेत एवढेच. रक्कम योग्य खात्यात पडली की नाही, हे ती सांगत नाही.

आता ही चूक सुधारायची कशी? व्हाउचर चुकीच्या खात्यात गेले असेल तर ते व्हाउचर दुरुस्त करायचे किंवा जर्नल नोंद टाकायची. समजा, अनामतीचे खाते वेगळेच होते, पण उघडतानाच ते खर्चाच्या गटाखाली ठेवले होते. मग खात्याचा गट बदलावा लागतो. तो बदल फक्त यंदापुरता राहत नाही. त्याच डेटात मागची वर्षे असतील तर त्यांचे ताळेबंदही बदलून दिसू लागतात. गेल्या वर्षी सही झालेला कागद एक सांगतो, पडदा दुसरे. ही गोष्ट व्हिडिओ पाहून कोणाच्या लक्षात राहत नाही. स्वतःच्या कंपनीचा मागच्या वर्षाचा आकडा डोळ्यांदेखत हलला की मात्र जन्मभर राहते.

म्हणूनच "व्हिडिओ आहेत, पणजीत क्लास आहेत, कचेरीत माणूस बोलवायचा कशाला" हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. कळा शिकायला व्हिडिओ उत्तम आहेत. पण क्लासमधल्या नमुना कंपनीत प्रत्येक बिल जागच्या जागी असते. आपल्या कचेरीत एक बिल खणात असते, दुसरे ड्रायव्हरच्या खिशात आणि तिसरे मालकाच्या व्हॉट्सअॅपवर. हॉटेलचेच पाहा. खोलीचे करापूर्वीचे भाडे 6,000 रुपये. बुकिंगच्या संकेतस्थळाने कमिशन कापून बँकेत जमा केले 5,100. बँकेचा उतारा समोर ठेवून लिहिणारा सरळ 5,100 विक्री लिहितो. खरे तर उत्पन्न 6,000, कमिशनचा खर्च 900. कर 6,000 वर लागतो. 5 टक्क्यांनी 300 व्हायला हवा तिथे 255 भरला जातो, एका रात्रीमागे 45 रुपये कमी. हंगामभर हे चालले की नोटीस येते. संकेतस्थळाचा हिशेब, बँकेचा उतारा आणि रिसेप्शनची वही शेजारी-शेजारी ठेवली तरच ही चूक दिसते. त्या तिन्ही वस्तू हॉटेलात असतात, क्लासमध्ये नसतात.

सीमेवरचा तालुका असल्यामुळे आणखी एक घोळ इथे हमखास होतो. पाहुणा पुण्याच्या कंपनीचा, तिचा जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होणारा, आपला 30 ने. म्हणजे राज्य वेगळे, म्हणून आयजीएसटी लावा! सावंतवाडीहून पत्रादेवीमार्गे माल आला तर हा हिशेब बरोबर. खोलीच्या भाड्याला तो लागू नाही. आयजीएसटी कायद्याच्या कलम 12(3) प्रमाणे निवासाच्या सेवेचे ठिकाण म्हणजे ती इमारत जिथे उभी आहे ते. मांद्र्यातल्या खोलीवर सीजीएसटी आणि गोव्याचा एसजीएसटीच लागतो, पाहुणा कुठचाही असो. पुण्याची कंपनी "आम्हाला क्रेडिट मिळत नाही" म्हणून कुरकुर करील. तिला नाही म्हणता येणे हाही प्रशिक्षणाचाच भाग.

"एकदा शिकवले की झाले" असे समजणाऱ्यांनी 22 सप्टेंबर 2025 आठवावा. त्या दिवसापासून दिवसाला 7,500 रुपये किंवा त्याहून कमी भाड्याच्या खोलीवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला, पण इनपुट क्रेडिटशिवाय. दर बदलणे सोपे, ते सगळ्यांनी केले. चादरी-टॉवेलांच्या बिलावरचा कर मात्र सवयीने इनपुटच्या खात्यात जात राहिला, तर ताळेबंदात कधीच न मिळणारे येणे साचत जाते. अशा खोल्यांपुरता तो आता खर्च आहे. काही खोल्या 7,500 च्या वर असतील तर प्रमाण काढावे लागते. सॉफ्टवेअर ते आपण होऊन करत नाही. आणि जुलै 2025 पासून जीएसटीआर-3बी मधली विक्रीची कररक्कम जीएसटीआर-1 वरून येते, ती तिथे हाताने बदलता येत नाही. चूक दिसली तर 3बी भरण्याआधी जीएसटीआर-1ए मधून सुधारावी लागते.

वसुलीच्या यादीबद्दल थोडक्यात. कंपन्यांना कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनप्रमाणे येणी किती जुनी आहेत ते दाखवावे लागते: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, पुढे तीन वर्षांवरची. "ते सॉफ्टवेअर काढते." काढते, पण पैसे जमा करताना ते कोणत्या बिलापोटी आले हे लिहिले असेल तरच. सगळ्या वसुल्या 'ऑन अकाउंट' टाकलेल्या असतील तर फिटलेले बिलही जुने येणे म्हणून उभे राहते.

आता ऑडिट ट्रेल. "चुकले तर पुसता येते" म्हणणारे अजून भेटतात, आणि "हा नियम सगळ्यांना आहे" म्हणून घाबरणारेही. दोघेही चुकतात. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांनी वापरायचे हिशेबाचे सॉफ्टवेअर असे हवे की प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ती सोय बंद करता येणार नाही. लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात लिहावे लागते. नियम कंपनी कायद्याखालचा आहे. एकट्या मालकीचे दुकान, भागीदारी किंवा सहकारी संस्था यांना तो लागू नाही. कंपनीत शिकवताना याचा एक परिणाम लक्षात घ्यावाच लागतो. सरावाची नोंद चालू पुस्तकात टाकली आणि नंतर काढली, तरी काढल्याची खूण राहते. 'चाचणी 1,00,000' हे कशासाठी होते, याचे उत्तर लेखापरीक्षकाला देत बसावे लागते. म्हणून शिकवायला आलेल्याने आधी बॅकअप घ्यावा, तो वेगळ्या ठिकाणी उतरवावा आणि सराव त्या प्रतीवर करावा. जो थेट चालू कंपनी उघडतो, त्याला चहा पाजून परत पाठवावे.

"ताळेबंद सीए बघून घेईल" हे वाक्य तर सगळीकडे. खासगी सल्लागार सीए हिशेब लिहून देऊ शकतो. कंपनीचा वैधानिक लेखापरीक्षक मात्र नाही. कंपनी कायद्याच्या कलम 144 ने त्याला त्याच कंपनीचे हिशेब लिहायला मनाई आहे. तपासणाराच लिहू लागला तर तपासायचे कोणी? आर्थिक पत्रके बरोबर असण्याची जबाबदारी संचालकांचीच. त्यामुळे शिकायला फक्त कारकुनाला बसवून मालकाने बाहेर फोनवर बोलत राहणे बरे नव्हे. निदान ताळेबंदावर एंटर मारत गटातून खात्यात आणि खात्यातून व्हाउचरपर्यंत उतरता येणे एवढे तरी त्याने शिकावे.

वेळ निवडण्यातही मेख आहे. 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 ला 3बी. त्याआधी बोलावलेला शिक्षक नुसता विवरणपत्रे भरायला मदतनीस होतो. 21 नंतरचे दिवस बरे. हॉटेलांना पावसाळा सोयीचा, पण चवथीच्या आठवड्यात कोणी जागेवर सापडणार नाही हे बाहेरून येणाऱ्या शिक्षकाला आधीच सांगून ठेवलेले बरे.

राहिल्या सोसायट्या. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना 29 जून 2022 रोजी मंजूर झाली: 63,000 संस्था, 2,516 कोटी रुपये, आणि त्यात यंत्रे, जुन्या नोंदी संगणकावर आणणे, समान सॉफ्टवेअर व प्रशिक्षण असे सगळे. अशाच विविध कार्यकारी सेवा (व्हीकेएसएस) सोसायटीत बसून कीर्द-खतावणी लिहिणाऱ्याला वाटते की जुन्या बाक्या एकदा चढवल्या की काम संपले. खरी अडचण तिथेच सुरू होते. प्रत्येक सभासदाचे भाग आणि कर्जबाकी यांची बेरीज त्या तारखेच्या तपासलेल्या ताळेबंदातल्या आकड्याशी जुळली पाहिजे. वर्षानुवर्षे हाताने लिहिलेल्या वहीत ती पहिल्या फेरीत सहसा जुळत नाही. फरकाची रक्कम 'सस्पेन्स'मध्ये टाकून मोकळे होण्याचा मोह होतो, यंत्र तशी परवानगीही देते. मग पुढची कित्येक वर्षे ती रक्कम ताळेबंदात तशीच राहते आणि दर सर्वसाधारण सभेत कोणीतरी तिच्याबद्दल विचारतो. त्यापेक्षा जुना चिटणीस सेवेत असेपर्यंतच त्याला शिक्षकाशेजारी बसवावे. कोणत्या सभासदाची वसुली कोणत्या पानावर लिहायची राहिली, हे त्यालाच ठाऊक असते.