फ्रीमेसनरी: डिग्र्या किती, प्रवेश कोणाला आणि 'खरा' लॉज कोणता?

'फ्रीमेसन' हा शब्द नेटवर शोधून बघा. जग चालवणारी गुप्त टोळी, तेहतिसावी डिग्री, 'फी भरा आणि सभासद व्हा' असे मेसेज, सगळं एकाच ताटात वाढलेलं मिळेल. वसाहतकालीन मुंबई, पारशी समाज किंवा विज्ञानसंस्थांचा इतिहास यांपैकी कशावरही काम करायचं म्हटलं, तर हा विषय कधीतरी आडवा येतोच. म्हणून आज तीन प्रश्न सुटे करून बघू. डिग्र्या किती? सभासद कोण होऊ शकतं? आणि एखादा लॉज अधिकृत आहे हे ठरवतं कोण? तिसऱ्या प्रश्नाकडे नीट लक्ष द्या, तो तुमच्या संशोधनात इतरत्रही उपयोगी पडेल.

डिग्र्या: मुळात तीन

फ्रीमेसनरीने आपली भाषा दगडी बांधकाम करणाऱ्या कारागिरांकडून घेतली. त्यामुळे डिग्र्याही तशाच: एंटर्ड अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ, फेलो क्राफ्ट म्हणजे तयार कारागीर, आणि मास्टर मेसन म्हणजे उस्ताद. १७३० साली सॅम्युअल प्रिचर्डने लंडनमध्ये छापलेल्या पुस्तिकेत या तिन्ही डिग्र्यांचं वर्णन सापडतं.

मग ३३ चा आकडा कुठून आला? तो 'स्कॉटिश राइट' नावाच्या वेगळ्या संस्थेचा. तिची पहिली सुप्रीम कौन्सिल १८०१ साली अमेरिकेत चार्ल्सटनला स्थापन झाली. मास्टर मेसन झालेला माणूस हवं तर तिकडे चौथ्यापासून पुढच्या डिग्र्या घेतो. पण त्यामुळे त्याच्या मूळ लॉजमध्ये त्याचा अधिकार वाढत नाही. पीएचडीनंतर कोणी दहा सर्टिफिकेट कोर्स केले म्हणून तो 'पीएचडीच्या वर' जात नाही, तसंच हे. इंग्लंडमध्ये १८१३ साली दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज एकत्र आले, तेव्हा डिग्र्या तीनच असं त्यांनी लिहून ठेवलं. गंमत म्हणजे 'रॉयल आर्च' त्याच तिनांत धरलं! म्हणजे आकडा वाचताना कोण मोजतंय हेही बघायला लागतं.

प्रवेश: अटी कोणत्या?

इंग्लिश परंपरेतल्या अटी साध्या आहेत. उमेदवार सज्ञान पुरुष हवा, चारित्र्य चांगलं हवं, आणि सर्वोच्च शक्तीवर त्याची श्रद्धा हवी. ती शक्ती कोणत्या धर्माची हे विचारत नाहीत. म्हणून भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता असे वेगवेगळे ग्रंथ शपथेसाठी ठेवलेले असतात. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला मात्र बंदी.

वयाची अट साधारण २१ वर्षांची, पण सूट मिळते. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८८६ साली लाहोरच्या लॉजमध्ये दाखल झाला तेव्हा २० वर्षांचाच होता. अर्जदाराचं नाव एक सभासद सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, आणि मग गुप्त मतदान होतं. परंपरेने ते पांढऱ्या-काळ्या गोट्यांनी व्हायचं.

कागदावरची अट आणि प्रत्यक्षातला प्रवेश यांत अंतर असतं, हेही लक्षात ठेवा. धर्माची अट नसली तरी भारतीयांना दार सहज उघडलं नाही. १८४३ साली जेम्स बर्न्स यांनी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हा लॉज काढला तो भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून.

अधिकृत म्हणजे कोणाच्या मते?

आता मुख्य मुद्दा. फ्रीमेसनरीला जागतिक मुख्यालय नाही. प्रत्येक लॉजला कुठल्यातरी ग्रँड लॉजची सनद असते, आणि ग्रँड लॉज एकमेकांना मान्यता देतात किंवा नाकारतात. इथे दोन शब्द वेगळे ठेवा: 'नियमित' म्हणजे नियमांत बसणारा, आणि 'मान्यताप्राप्त' म्हणजे दुसऱ्याने स्वीकारलेला.

नियमांची सर्वात उद्धृत होणारी यादी इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजने १९२९ साली काढली. तीत आठ कलमं आहेत: रीतसर उगम, सर्वोच्च शक्तीवर श्रद्धा, धर्मग्रंथासमोर शपथ, फक्त पुरुष सभासद वगैरे. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने १८७७ साली श्रद्धेची अट काढून टाकली, आणि इंग्लंडशी त्याचे संबंध तुटले. म्हणून काय फ्रेंच लॉज 'खोटे' झाले? ते आपल्या जागी चालूच राहिले. १८९३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली 'ल द्रुआ युमँ' तर स्त्री-पुरुष दोघांना घेते. ॲनी बेझंट याच शाखेच्या.

उलट उदाहरण अमेरिकेतलं. प्रिन्स हॉल आणि त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांच्या लॉजला १७८४ साली थेट इंग्लंडहून सनद मिळाली होती. तरी त्यातून उभ्या राहिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रिन्स हॉल ग्रँड लॉजला इंग्लंडची मान्यता मिळायला १९९४ उजाडलं. नियम पाळूनही मान्यता नाही, कारण आड आला वर्ण आणि 'एका राज्यात एकच ग्रँड लॉज' हा दंडक.

विज्ञानवाल्यांनी याचा ग्राफ काढून बघा: ग्रँड लॉज हे बिंदू, मान्यता ही रेघ. 'अ'ने 'ब'ला आणि 'ब'ने 'क'ला मानलं, म्हणून 'अ' 'क'ला मानेलच असं नाही. त्यामुळे प्रबंधात नुसतं 'अधिकृत लॉज' लिहू नका. 'अमुक ग्रँड लॉजच्या मान्यतेचा, अमुक साली' असं लिहा. भारतात तर हे फारच गरजेचं आहे. १९६१ साली ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाला, पण काही लॉज इंग्लंड किंवा स्कॉटलंडच्याच सनदेखाली राहिले. एकाच शहरात दोन लॉजच्या सनदा वेगळ्या असू शकतात.

पडताळणी कशी करायची?

लॉजचं नाव आणि क्रमांक विचारा. सनद कोणाची ते विचारा. मग समोरच्याने दिलेली लिंक न वापरता त्या ग्रँड लॉजची स्वतःची यादी शोधून त्यात तो लॉज आहे का बघा. अनोळखी माणूस मेसेज करून आमंत्रण देतोय, संपत्तीचं आश्वासन देतोय आणि आधी पैसे मागतोय, तर तिथेच थांबा. खऱ्या लॉजलाही फी आणि वार्षिक वर्गणी असते, पण त्याआधी भेटीगाठी आणि मतदान होतं.

हेच तीन प्रश्न तुमच्या इनबॉक्सलाही लावा. 'आंतरराष्ट्रीय' जर्नलचं आमंत्रण येतं, पैसे भरून मिळणारी फेलोशिप येते. हिला मान्यता कोणी दिली? त्या देणाऱ्याला कोण मानतं? आणि हे मी त्यांच्या वेबसाइटबाहेर कुठे तपासू शकतो? उत्तरं मिळेपर्यंत ना पैसे पाठवा, ना पेपर.