सर्वांत मागच्याचा वेग

नवी मुंबईत धावणाऱ्याच्या पायांखाली दोन अगदी वेगळ्या जमिनी येतात. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे खाडीच्या पूर्व काठावर जे नियोजित शहर उभे केले, त्याचा बराच भाग खाजणावर भराव टाकून सपाट केलेला आहे, आणि वाशीपासून बेलापूरपर्यंत सुमारे १० किलोमीटर जाणारा पाम बीच मार्ग हा त्या सपाटीचा कळस आहे, सपाटीला कळस असू शकत असेल तर. तेथे पहाटे धावणाऱ्याचा एक किलोमीटर दुसऱ्या किलोमीटरसारखाच असतो आणि मनगटावरच्या घड्याळाखेरीज त्याला कुणाच्या सोबतीची गरज भासत नाही. याच शहराच्या पाठीशी मात्र पारसिकच्या डोंगराची रांग मुंब्र्याकडून दक्षिणेला बेलापूर-खारघरपर्यंत उतरत येते, आणि तिच्या पूर्वेला, तळोजा-पनवेलच्या सखल पट्ट्यापलीकडे, मलंगगड, चंदेरी, माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड अशी सह्याद्रीची एक उपरांग उभी आहे. रस्त्यावर मॅरेथॉनची तयारी केलेली मित्रमंडळी या दुसऱ्या जमिनीवर ५० किंवा १०० किलोमीटर धावण्याचा विचार करू लागतात, तेव्हा एकट्याने धावण्याचे बहुतेक ठोकताळे निरुपयोगी ठरतात.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते आणि त्यापेक्षा लांब कोणत्याही शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून चालत आलेली ‘कॉम्रेड्स’ ही त्यांतील सर्वांत नावाजलेल्या शर्यतींपैकी एक असली, तरी ती डांबरी रस्त्यावरची आहे. पायवाट, ढोरवाट, जंगल आणि डोंगरधार यांवरून जाणाऱ्या शर्यतीला ट्रेल अल्ट्रा असे वेगळे नाव आहे. या प्रकाराचा आधुनिक उगम बहुधा १९७४ सालापासून सांगितला जातो. कॅलिफोर्नियातील १०० मैलांच्या एका घोडेस्वारीच्या शर्यतीत त्या वर्षी गॉर्डी एन्सली हा स्पर्धक घोड्याशिवाय उतरला आणि त्याने ते अंतर २३ तास ४२ मिनिटांत पायी पूर्ण केले. अशा शर्यतीत नुसत्या अंतराला फारसा अर्थ नसतो. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा असा की, चालणाऱ्याने दर तीन मैलांना एक तास धरावा आणि दर २,००० फूट चढाईसाठी आणखी एक तास मिळवावा. या हिशेबाने सुमारे २,३०० फूट उंचीचा प्रबळगड पायथ्यापासून चढताना अंतरासाठी लागेल त्याहून जवळपास एक तास जास्त मोजावा लागतो. आजचे ट्रेल धावपटू हेच गणित अधिक सुटसुटीतपणे करतात, म्हणजे दर १०० मीटर चढाईला एक किलोमीटर धरून तो मूळ अंतरात मिळवतात, त्यामुळे २,००० मीटर चढाई असलेली ५० किलोमीटरची वाट त्यांच्या हिशेबी ७० किलोमीटरची होते.

हे गणित सह्याद्रीत आणखी बिघडते, कारण येथील चढ एकसारखा नसतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले आणि त्यांतील कठीण थरांचे कडे, तर मऊ थरांचे सपाट टप्पे झाले. भूशास्त्रात या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात आणि तो शब्द जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. मराठी माणसाने याच टप्प्यांना पदर आणि माची अशी नावे फार पूर्वी दिलेली आहेत, आणि प्रबळमाची हे गावच अशा एका पायरीवर वसलेले आहे. धावपटूच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, एखाद्या उभ्या सोंडेवर हात टेकत चढावे लागते, लगेच पदरावर धावता येते आणि पुन्हा घळीतून किंवा घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगड-मुरुमाच्या उतारावरून, पाय रोखत उतरावे लागते. यांत सर्वाधिक हानी उताराने होते, ही गोष्ट नवख्यांना खरी वाटत नाही. उतरताना मांडीच्या पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराचा भार अडवतात, या क्रियेत त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि तिची वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. चढावर दम लागतो तेव्हा माणूस आपोआप थांबतो, पण उतारावर असा इशारा वेळेवर मिळत नाही.

यापेक्षाही मोठा शत्रू कोकणपट्टीची दमट हवा आहे. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते, आणि हवेत बाष्प भरलेले असेल तर घाम नुसता ओघळत राहतो, आतली उष्णता तशीच साठत जाते. जोरात धावणाऱ्याचा घाम तासाला एक लिटरहून अधिक जाऊ शकतो आणि त्याबरोबर मीठही जाते. येथे अनेकांची समजूत अशी असते की, जितके पाणी प्यावे तितके चांगले. पण बरेच तास गरजेपेक्षा जास्त पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण प्रतिलिटर १३५ मिलिमोलच्या खाली जाऊन हायपोनॅट्रेमिया, म्हणजे रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या कमी होण्याची अवस्था, ओढवू शकते. या अवस्थेची लक्षणे, उदाहरणार्थ मळमळ, डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, ही उष्माघाताच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती असतात की, पाहणाऱ्याने ‘पाणी कमी पडले’ असे समजून आणखी पाणी पाजले तर प्रकृती बिघडते.

मित्रांबरोबर धावण्याचे खरे कारण येथे सापडते. गप्पा, हुरूप, छायाचित्रे ही सोबतीची वरवरची फळे आहेत. तिचा खरा उपयोग असा की, उष्णता, मिठाची कमतरता, उपासमार आणि झोपेचा अभाव यांचा पहिला घाव पायांवर न पडता निर्णयशक्तीवर पडतो, आणि ज्याची निर्णयशक्ती गेली आहे त्याला ती गेल्याचे कळत नाही. एरवी बडबडा असलेला मित्र अर्धा तास गप्प आहे, तो सपाटीवरही ठेचकाळतो आहे, त्याने दोन तासांत काही खाल्लेले नाही, या गोष्टी त्याला दिसत नसल्या तरी त्याच्या मागून येणाऱ्याला दिसतात, आणि तो माणूस एरवी कसा वागतो हे आधीपासून ठाऊक असल्याशिवाय त्या दिसत नाहीत. परक्या स्वयंसेवकाला सहज फसवणारे ‘मी ठीक आहे’ हे वाक्य जुन्या मित्राला फसवत नाही. म्हणूनच सोबत ही पाठीवरच्या पिशवीतील विजेरी आणि शिट्टी यांच्याच रांगेत बसणारी एक साधनसामग्री मानली पाहिजे, आणि साधन म्हटले की ते वापरण्याची पद्धतही आलीच.

त्या पद्धतीचा पहिला नियम सह्याद्रीत भटकणाऱ्या जुन्या मंडळींनी घालून दिलेला आहे: गटाचा वेग सर्वांत मागच्या माणसाचा. हा नियम सर्वांना पाठ असतो आणि तरीही तो बहुतेक गटांत मोडला जातो. पुढचे चौघे भराभर खिंड गाठतात, पाणी पितात, बूट काढून खडे झटकतात आणि दहा मिनिटांनी मागचा धापा टाकत पोहोचताच ‘चला’ म्हणून उठतात. परिणामी ज्यांना विश्रांतीची सर्वांत कमी गरज असते त्यांना ती पूर्ण मिळते, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज असते त्याला ती मिळतच नाही. असे पाच-सहा थांबे झाले की मंद धावणारा माणूस खरोखर निकामी होतो, आणि मग गट त्याच्या कमकुवतपणाला दोष देतो. यावरचा उपाय साधा आहे. मंद माणसाला दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचे, सर्वांत अनुभवी माणसाने शेवटी राहायचे, आणि थांब्याची वेळ शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायची.

सोबतीलाच नियमाचे रूप देणाऱ्या शर्यतीही जगात आहेत. हाँगकाँगमध्ये १९७९ साली खुल्या झालेल्या १०० किलोमीटरच्या मॅकलेहोस वाटेवर ब्रिटिश लष्करातील गुरखा सैनिकांनी १९८१ मध्ये चौघांच्या तुकड्यांचा एक उपक्रम सुरू केला, त्यातून पुढे ऑक्सफॅम संस्थेचा ‘ट्रेलवॉकर’ आकाराला आला, आणि गेल्या दशकात तो नवी मुंबईपासून फार लांब नसलेल्या कर्जत परिसरातही झाला. चार जणांनी ४८ तासांत १०० किलोमीटर एकत्र पार करायचे, ही त्याची मूळ चौकट. याउलट फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून मों ब्लां पर्वताला प्रदक्षिणा घालणारी, २००३ मध्ये सुरू झालेली, सुमारे १७० किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत वैयक्तिक आहे आणि तेथे सोबत धावणाऱ्या मदतनीसाला मनाई आहे. मात्र त्याच शर्यतीच्या महोत्सवात सुमारे ३०० किलोमीटरची आणखी एक वाटचाल होते, जिच्यात दोघा-तिघांच्या चमूने शेवटपर्यंत एकत्र राहायचे असते आणि क्रमांक कुणालाच दिला जात नाही. शर्यतीतून क्रमांक काढून घेतल्यावर उरते ते काय, हा प्रश्न त्या आयोजकांनी फार चतुराईने विचारला आहे.

महाराष्ट्रात ट्रेल अल्ट्राचे एक ठळक उदाहरण पुण्याच्या बाजूला आहे. सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले जोडणारी वाट गिर्यारोहकांत अनेक वर्षे ‘एसआरटी’ या नावाने ओळखली जात होती, आणि त्याच वाटेवर आता त्याच नावाची अल्ट्रामॅरेथॉन हिवाळ्यात भरते. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार पाहिली की, येथे घड्याळ किती गौण ठरते हे लक्षात येते. नवी मुंबईकराला एवढी उंची घराजवळ मिळत नाही. त्याला बेलापूरच्या पारसिक टेकडीच्या रस्त्यावर किंवा खारघरच्या डोंगरावर पुन्हा पुन्हा चढ-उतार करून चढाईची बेरीज जमवावी लागते, आणि सुटीच्या दिवशी पनवेलमार्गे धोदाणी गाठून माथेरानच्या सनसेट पॉइंटची वाट धरावी लागते. या सरावातच खाण्याचाही सराव करायचा असतो. ६० किलो वजनाच्या माणसाला सपाटीवरच्या ५० किलोमीटरसाठी ढोबळमानाने ३,००० किलोकॅलरी लागतात, तर शरीरात ग्लायकोजेन या रूपाने साठवलेली साखर सुमारे २,००० किलोकॅलरीच पुरवते. उरलेली ऊर्जा चरबीतून सावकाश मिळत असल्याने तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जात राहावी लागतात. त्यासाठी महागड्या पाकिटांची सक्ती नाही. खजूर, चिक्की, केळी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी यांवरही काम भागते, फक्त आठव्या तासाला गोड पदार्थाचा वीट येतो तेव्हा कुणाच्या तरी पिशवीत खारे शेंगदाणे असावे लागतात.

पावसाळ्यात या डोंगरांचे स्वरूप पालटते. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर आणि आसपासच्या ओढ्यांत वाहून जाऊन अनेकांचे बळी गेले आहेत, त्यामुळे तेथे पावसाळ्यात प्रवेशबंदी केली जाते, आणि धावपटूंनी ती आपल्याला लागू नाही असे मानण्याचे काहीच कारण नाही. वरच्या पदरावर कोसळलेला पाऊस खाली कोरड्या दिसणाऱ्या ओढ्यात मिनिटांत पोहोचतो. उरलेल्या आठ महिन्यांत ज्या वाटांवरून ही मंडळी धावतात, त्या धावपटूंसाठी कुणी आखलेल्या नाहीत. खारघरच्या डोंगरावरची फणसवाडी आणि चाफेवाडी, प्रबळगडाच्या पोटातली ठाकूरवाडी, माथेरानच्या उतारांवरचे ठाकर आणि कातकरी समाजाचे पाडे, येथील लोक बाजारासाठी, सरपणासाठी आणि शाळेसाठी रोज चढ-उतार करतात, म्हणून त्या वाटा मोकळ्या राहतात. वर्दळ थांबली की कारवी आणि रानमोडी दोन-तीन पावसाळ्यांत त्या गिळून टाकतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, आणि वाचलेल्या कुटुंबांसाठी सिडकोने खाली चौक परिसरात घरे बांधली. त्या डोंगरावरून बाजाराला उतरणारी आणि संध्याकाळी ओझे घेऊन परत चढणारी माणसे आता तेथे नाहीत.