संगणकातील रुग्णनोंदींचे जतन



दोन वर्षांपूर्वी माझ्या चिकित्सालयातील संगणकात व्हायरस शिरला आणि सर्व फाईली कुलूपबंद झाल्या. प्रत ठेवलेली बाह्य हार्ड डिस्क संगणकास कायम जोडलेलीच असे. तीही त्याबरोबर गेली. कोणत्या रुग्णास भल्लातक सोसत नाही, ही नोंद त्यातच होती. जुना कागदी केसपेपर सापडला, म्हणून अनर्थ टळला.

हाच प्रसंग मोठ्या प्रमाणावर २७ जून २०१७ रोजी घडला. ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले. न्हावा शेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कर्मचाऱ्यांच्या प्रवेशाची व्यवस्था पाहणारे कंपनीचे सुमारे १५० सर्व्हर परस्परांच्या प्रती बाळगीत. परंतु एकमेकांस जोडलेले असल्याने ते एकदमच पुसले गेले. घाना देशातील एकच सर्व्हर वाचला, कारण तेथील वीज गेल्याने तो त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता. त्याच्याच आधारे व्यवस्था पुन्हा उभारली गेली. भारनियमन अनुभवलेल्या जालनेकरांस यातील मर्म सहज उमगेल : किमान एक प्रत संगणकापासून अलग हवी.

त्या दृष्टीने पुढील पथ्ये पाळावीत.

१) मूळ नोंदींखेरीज दोन बाह्य हार्ड डिस्क ठेवाव्यात. त्या आलटून-पालटून, केवळ प्रत घेण्यापुरत्या जोडाव्यात. एक डिस्क घरी असावी.

२) पेन ड्राइव्ह ने-आण करण्यास ठीक, दीर्घकालीन जतनास नव्हे. विजेविना पडून राहिल्यास त्यातील विद्युतभार क्षीण होतो. उष्णतेने ही क्रिया वेगावते. साधी सीडी-डीव्हीडीही ऊन-उष्णतेने बिघडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, हे ध्यानी घ्यावे.

३) सॉफ्टवेअर बंद पडले तरी नोंदी वाचता याव्यात, यासाठी त्या पीडीएफ स्वरूपातही काढून ठेवाव्यात. रुग्णाची गोपनीयता राखण्यासाठी प्रतींस पासवर्ड लावावा.

४) जीएसटी नोंदणी असलेल्या औषधालयांनी हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय दिनांकापासून ७२ महिने जतन करणे आवश्यक आहे. बिलांच्या प्रती त्या हिशेबाने ठेवाव्यात.

५) दर तीन महिन्यांनी प्रतीतील दहा नोंदी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न तपासलेल्या प्रतीवर विसंबू नये.

औषधांची मुदत आपण नियमाने पाहतो. तीच दक्षता नोंदींबाबतही घ्यावी, ही नम्र विनंती.